सुट्टी पोरांची, राखण गावाची

एप्रिल सरत आला की आमच्या शहापूर-मुरबाडकडची घरं भरायला लागतात. आश्रमशाळेतली मुलं पेट्या-वळकट्या घेऊन घरी येतात. मुंबई-ठाण्याला दिलेल्या लेकींची, तिकडे नोकरीला गेलेल्या दीर-भावांची मुलं आसनगाव, आटगाव, खर्डी, कसाऱ्याला लोकलमधून उतरतात. मुरबाडला रेल्वे नाही, तिथे कल्याणहून येणारी एसटी भरभरून येते. करवंदं, रायवळ आंबे, लग्नं, हळदी, जत्रा. दीड महिना नुसता धुडगूस! आजीच्या कपाळावर आठ्या असतात, पण मनातून तीच सगळ्यांत खूश असते.

आणि याच दीड महिन्यात पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. कधी विहीर, कधी नदीचा डोह, कधी कालवा, कधी धरणाचं पाणी. पोहायला गेलेला मुलगा बुडाला, त्याला काढायला उतरलेला दुसराही गेला. सुट्टीत मामाकडे आलेली भावंडं गेली. आपण वाचतो, ‘अगं बाई!’ म्हणतो आणि पान उलटतो. बातमी ज्या घरातली असते त्या घरात मात्र पुढची कित्येक वर्षं उन्हाळ्याची सुट्टी येतच नाही.

मैत्रिणींनो, बचत गटांच्या निमित्ताने दोन्ही तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांवर माझं जाणं-येणं असतं. अशी घटना घडलेल्या घरी भेटायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. दारात बसलेल्या बाया हळू आवाजात म्हणतात, ‘आईचं लक्ष कुठं होतं?’ हे वाक्य ऐकलं की माझ्या काळजात कळ उठते. त्या आईचं लक्ष कुठे होतं, ते मी सांगते. ती हंडा घेऊन पाण्याला गेली होती.

आमच्या शहापूर तालुक्याची ही गंमत की शोकांतिका, तुम्हीच ठरवा. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच तालुक्यात. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि कसारा, डोळखांब, खर्डी या पट्ट्यातल्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, नाहीतर विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने साठणारं पाणी रात्री जागून भरायचं. मुरबाडच्या डोंगराकडच्या पाड्यांतही फार वेगळं चित्र नाही. सकाळचे दोन-तीन तास बाई पाण्यात, म्हणजे पाणी आणण्यात. त्यानंतर सरपण, स्वयंपाक, कुणाची मजुरी. पोरांना शाळा नाही. शाळा असते तेव्हा निदान अकरा ते पाच ती कुणाच्या तरी नजरेखाली असतात. सुट्टी लागली की ती नजर जाते आणि तिच्या जागी कुणीच येत नाही. भर उन्हात अंग भाजून निघालेलं पोर मग पाण्याकडेच धावणार ना? त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. सुट्टीतली मुलांची सुरक्षितता हा एकट्या आईचा प्रश्न नाही. तो गावाचा, म्हणजेच ग्रामपंचायतीचा प्रश्न आहे. तो चुलीपाशी सुटणार नाही, ग्रामसभेतच सुटेल.

पावसाळ्यातलं बघा. जून-जुलैत शहरातली मंडळी माळशेज घाटात, विहीगावच्या अशोका धबधब्यावर, माहुलीच्या पायथ्याला, भातसा धरणाकडे गर्दी करतात. गेली काही वर्षं त्या दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसं लोंढ्यात वाहून गेली, त्यानंतर तर सगळीकडे बंदोबस्त वाढला. चांगलंच आहे, पाहुण्याचाही जीव जीवच आहे. पण मे महिन्यात आपल्याच गावातलं पोर आपल्याच गावच्या डोहात उतरतं, तेव्हा कुठला आदेश असतो? कुठला फलक, कुठला पोलीस? डोह ओळखीचा, विहीर वाडवडिलांची, म्हणून आपल्याला भीती वाटत नाही. पाणी मात्र ओळख ठेवत नाही.

आता कुणी म्हणेल, ‘काय बाई तुमचं! आम्ही नाही का असेच पोहायला शिकलो? पोरं पाण्यात जाणारच.’ खरं आहे. पण पूर्वी पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून काका-मामा पोराला विहिरीत सोडायचे आणि स्वतः काठावर उभे राहायचे. आता काका पडघ्याला गोदामात कामाला, मामा कंपनीत. शिकवणारा गेला, पाणी तिथेच राहिलं. आणि मुलींचं काय? मुलींना तर तेव्हाही कुणी शिकवलं नाही. वास्तविक पाणी आणायला विहिरीवर जाते ती मुलगीच. निसरड्या पायरीवरून खाली उतरते ती मुलगीच. जिला पाण्याशी रोज गाठ, तिलाच पोहता येत नाही, हा कुठला न्याय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. त्यात जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या बाळांचा. बांगलादेशात जागोजागी तळी आणि डबकी. तिथल्या जाणकारांनी पाहिलं की लहान मुलं जास्त करून सकाळच्या वेळात बुडतात. का? कारण आई तेव्हा कामात असते! मग त्यांनी गावातल्याच एखाद्या बाईच्या घरी सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत पाच वर्षांखालची मुलं सांभाळायची सोय केली. जी मुलं तिथे यायची, त्यांच्यात बुडण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलं. ना मोठी इमारत, ना मोठा खर्च. चार तास एका बाईची नजर, एवढंच. ‘आईचं लक्ष कुठं होतं’ असं विचारत न बसता त्यांनी ‘आई कामात असताना लक्ष कोण देणार’ असं विचारलं. प्रश्न बदलला आणि उत्तर सापडलं.

हेच आपल्याकडे करायला काय हरकत आहे? आणि मुहूर्तही आयताच आहे. सुट्टी लागते आणि १ मे, महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा येते. झेंडावंदन झालं की पुरुषमंडळी सभेला बसतात, आपण बुंदीचा पुडा घेऊन घरी येतो. असं करू नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा आपल्या राज्यात कायदाच आहे. बऱ्याच गावांत ती कागदावर होते. घरी रजिस्टर येतं, ‘वहिनी, इथं सही करा’ म्हणतात आणि आपण चहाचं आधण उतरवता उतरवता सही करतो. ती सही म्हणजे आपण सभेला हजर होतो असा पुरावा असतो, बरं का! सभा झाल्याशिवाय सही करायची नाही, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट, विषय आधीच लेखी द्यायचा. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. त्याआधी ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, पोच घेतलेलं फायलीत राहतं.

अर्जात काय लिहायचं? मी गटाच्या बायांना सांगते ते असं. गावाच्या हद्दीतल्या धोक्याच्या पाण्याची यादी करा. कठडा नसलेल्या विहिरी, डोह, बंधारे, कालव्याचे उतार आणि पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणी, काही सोडू नका. सार्वजनिक विहिरीला कठडा आणि वर जाळी हवी. प्रत्येक ठिकाणी खुंटीला एक जाड दोर आणि फुगवलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टांगलेला हवा. टँकरची वेळ ठरलेली हवी, म्हणजे बायांना पोरं टाकून दिवसभर ताटकळावं लागणार नाही. सुट्टीभर सकाळी चार तास एका ओसरीवर लहान मुलांची राखण हवी आणि ती करणाऱ्या बाईला मानधन हवं. फुकटात नको, कारण फुकटचं काम दोन दिवसांत बंद पडतं. आणि गावात पट्टीचे पोहणारे असतील त्यांच्याकडून दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना पोहायला शिकवायची सोय हवी. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवायची असेल तर ठेवा, पण शिकवा.

‘पंचायतीकडे पैसे नाहीत’ हे उत्तर येणारच. तेव्हा शांतपणे विचारायचं, ‘स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते यंदा कशावर झाले?’ शहापूर तालुका तर सगळाच पेसा कायद्याखाली येतो, मुरबाडमधली काही गावंही येतात. तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी विकासाच्या निधीतून थेट पैसे द्यायचा निर्णय २०१५ मध्ये झालेला आहे. दोर, ट्यूब आणि चार फलक यांना असे किती पैसे लागतात? गावच्या कमानीपेक्षा कमीच.

शहापूर आणि मुरबाड शहरात नगरपंचायत आहे, तिथे ग्रामसभा होत नाही. तिथल्या मैत्रिणींनी दहा-बाराजणींच्या सह्यांचं पत्र आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेला आणि मुख्याधिकाऱ्यांना द्यावं. उघडी गटारं, बांधकामावरचे पाण्याचे खड्डे आणि अर्धवट टाक्या हे शहरातले डोहच आहेत.

२०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. म्हणजे समोर खुर्चीत बसलेली सरपंचताई आपल्यासारखीच पोराबाळांची आई असते. कधी कधी तिच्या शेजारी बसून यजमानच बोलतात, ते आपण सगळ्याच जाणतो. पण समोर चाळीस बायका बसल्या की तिलाही बोलायला बळ येतं. हे मी स्वतः पाहिलं आहे. ठराव झाला की तो इतिवृत्तात लिहिला गेला का, ते तिथल्या तिथे वाचून घ्या.

आता थोडं घरचं. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ‘वाचवा, वाचवा’ ओरडत नाही. तोंड पाण्यात असतं, आवाज निघत नाही, काही मिनिटांत सगळं संपतं. म्हणून लहान पोर पाण्याशी असलं की नजर हलवायची नाही. दुसरं, पोहता येत नसेल तर मागोमाग उडी मारायची नाही. एकामागोमाग दोघं-तिघं जातात ते यामुळेच. दोर, बांबू, कॅन, काहीही फेका. ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यातल्या कोट्टारई धरणावर चार तरुण बुडत होते. तिथे असलेल्या तीन बायकांनी क्षणाचाही विचार न करता अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. तिथल्या सरकारने त्यांचा पुरस्कार देऊन गौरव केला. लाज मोठी की जीव, हे त्या बायकांनी एका क्षणात ठरवलं!

बाहेर काढलेल्या मुलाला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबत बसू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची. हे कसं करायचं ते आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना महिला सभेत बोलावून एकदा करून दाखवायला सांगा. लगेच १०८ ला रुग्णवाहिकेसाठी आणि ११२ ला पोलिसांसाठी फोन करा. पोर शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच. आमच्या कितीतरी पाड्यांवर मोबाईलला रेंज नसते, तेव्हा रेंज कुठे मिळते ती जागाही पोरांना माहीत हवी.

पोरांनी घरात कोंडून राहावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही. मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसण्यापेक्षा करवंदाच्या जाळीत हात ओरबाडून घेतलेले बरे. डोहात डुंबणं हा त्यांचा हक्क आहे. काठावर कुणीतरी मोठं माणूस उभं असणं, हाही त्यांचा हक्कच. ते माणूस दरवेळी आईच असली पाहिजे असं मात्र नाही.

तेव्हा यंदा १ मे ला कॅलेंडरवर खूण करा. शेजारणीला हाक मारा, सासूबाईंनाही बरोबर घ्या, त्यांच्या शब्दाला गावात मान असतो. स्वयंपाक तासभर उशिरा झाला तर कुणाचं काही बिघडणार नाही.