उपवर्गीकरण : पक्षाचा चष्मा काढा, मध्यममार्गाने बघा



१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ विरुद्ध १ अशा बहुमताने निकाल दिला, की राज्य सरकारे अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करू शकतात. तो दिवस अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीचा होता. मातंग समाजातील अनेकांनी निकालाचे स्वागत केले. बौद्ध समाजातील अनेक जण २१ ऑगस्टच्या भारत बंदमध्ये उतरले. पुढे महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. एकाच बापाची लेकरे समोरासमोर उभी राहिली.

गोंदियालगतच्या मुर्रीत आणि आसपासच्या गावांत आम्ही तरुणांशी बोलतो तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो : हे कारस्थान कोणत्या पक्षाचे? निकालानंतर उपवर्गीकरण लागू केले ते हरियाणात भाजप सरकारने आणि तेलंगणात काँग्रेस सरकारने. म्हणजे एका पक्षाला शिव्या देऊन आणि दुसऱ्याच्या दावणीला स्वतःला बांधून हा प्रश्न सुटणार नाही.

इतिहास काय सांगतो?

बाबासाहेबांनी १९५६ साली धम्मदीक्षा दिली. पण बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळायला १९९० साल उजाडले. तब्बल ३४ वर्षे! ती दुरुस्ती झाली व्ही. पी. सिंग यांच्या काळात, आणि त्या सरकारला बाहेरून एकीकडे भाजपचा तर दुसरीकडे डाव्यांचा टेकू होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट झाली. २ एप्रिलला देश बंद झाला आणि ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून ती धार परत आणली. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही तिला पाठिंबा द्यावा लागला. असे कायदे टिकतात, कारण ते एका पक्षाचे नसतात. सरकार बदलले तरी त्यांना हात लावायची हिंमत सहसा होत नाही.

आपल्याच भंडारा मतदारसंघात १९५४ च्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब पराभूत झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. एकट्या समाजाच्या बळावर निवडणूक जिंकणे इतके अवघड, तर कायदा करून घेणे त्याहून अवघड. त्यासाठी इतरांची संमती मिळवावीच लागते.

मध्यममार्ग म्हणजे तळ्यात-मळ्यात नव्हे

काही मित्र म्हणतील, मध्यममार्ग म्हणजे माघार. तसे नाही. हिंदू कोड बिल अडले तेव्हा निदान विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी मंजूर व्हावा, हे बाबासाहेबांनी मान्य केले होते. तोही होत नाही असे दिसताच १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. मार्गाबाबत लवचीक, तत्त्वाबाबत ताठ. आम्ही मध्यममार्ग म्हणतो तो हाच.

उपवर्गीकरणात एक टोक म्हणते, बौद्धांनीच सगळे लाटले. दुसरे टोक म्हणते, मातंगांची तक्रारच खोटी. दोन्हींकडे आवेश आहे, आकडे नाहीत. आम्ही दोन्ही टोके नाकारतो. आपल्या मागण्या अशा असाव्यात :

१. महाराष्ट्राच्या यादीत ५९ अनुसूचित जाती आहेत. शासकीय नोकऱ्या आणि शिक्षणातील त्यांचा जातनिहाय, पदनिहाय वाटा आधी जाहीर करा. न्यायालयानेही आकडेवारीचा आधार सांगितला आहे.

२. १३ टक्क्यांतील अनुशेष आधी भरा. रिकाम्या ताटाची वाटणी करून कोणाचेच पोट भरत नाही.

३. उपगटातील जागा रिकाम्या राहिल्या तर त्या अनुसूचित जातींच्याच इतर गटांना मिळाव्यात, खुल्या प्रवर्गाकडे जाऊ नयेत.

४. उपवर्गीकरणाच्या आडून क्रीमी लेयर आणू नका.

५. विधेयक आले तर ते सर्वपक्षीय संयुक्त समितीकडे जावे आणि सुनावणी मुंबईपुरती न राहता गोंदियासारख्या टोकाच्या जिल्ह्यातही व्हावी.

आकड्यांतून एखादी जात खरोखर मागे राहिलेली दिसली, तर तिला आधी हात देणे ही आपलीच जबाबदारी आहे. करुणा फक्त विहारात म्हणायची आणि नोकरीच्या रांगेत विसरायची, हा धम्म नव्हे. आणि आकडे तसे सांगत नसतील, तर फूट पाडणाऱ्या कायद्याला मातंग, चर्मकार, मेहतर बांधवांसोबत उभे राहून विरोध करू.

तरुणांनो, निवडणुकीत मत कोणालाही द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण कायद्याचा मसुदा वाचताना पक्षाचा झेंडा बाजूला ठेवा. येत्या पौर्णिमेला विहारात निकालाचे वाचन ठेवा, मातंग बांधवांना सन्मानाने बोलवा, त्यांचे आधी ऐका. मग आमदार कोणत्याही पक्षाचा असो, सगळ्यांच्या सह्यांचे एकच निवेदन त्याच्या हातात द्या.