परदेशातली नोंदणी आणि कामाचे तास



राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून राज्य शासन दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ७५ मुलामुलींची निवड करते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतही १२५ पैकी ११५ जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. त्यामुळे आमच्या नायगावकडच्या हमाली-मजुरीच्या घरांतही आता लंडन-जर्मनीच्या गोष्टी निघतात. याचा आम्हाला अभिमानच आहे. पण त्याबरोबर 'पोरगं शिकेल आणि काम करून महिन्याला पैसेही धाडील' हेही बोलले जाते. त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे.

आधी नोंदणीचे. आपल्याकडे रहिवासी प्रमाणपत्र गरज पडली की काढतात. तहसीलला दोन चकरा होतात, पण ते नसले म्हणून कोणी गावातून उठवत नाही. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नाव नोंदवावे लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. ती जर्मन माणसालाही चुकलेली नाही. नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाने सही केलेला वेगळा कागद लागतो. मुले अडतात ती इथेच. मित्राच्या खोलीत पथारी टाकली तर मालक कागद देत नाही. नोंद नाही म्हणून कर क्रमांकाचे टपाल येत नाही, पुढे वास्तव्य परवान्याचा अर्ज रखडतो. तेव्हा भाडे विचारण्याआधी 'नोंदणीचा कागद देणार का?' हे विचारावे. खोली न पाहता इथूनच अनामत पाठवू नये.

ब्रिटनमध्ये परवान्याचे प्लॅस्टिक कार्ड २०२४ अखेर बंद झाले. आता सगळी नोंद संगणकावर असते. खोली बदलली की तिथला पत्ता बदलायचा, हे मुलाला फोनवर आठवण करून द्यावे.

आता कामाचे. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात दहा, पुढच्यात तीस, असा हिशेब चालत नाही. दोन ठिकाणी काम केले तर दोन्हींचे तास एकत्र धरतात. सायकलवर जेवणाचे डबे पोचवण्याचे काम तर बहुधा स्वतःचा धंदा समजले जाते, आणि विद्यार्थ्याला धंद्याची मनाई आहे. जर्मनीत १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस मिळतात. विद्यापीठातले सहायकाचे काम त्यात मोजत नाहीत. मुलाने आधी तेच शोधावे, असे आमचे मत आहे.

'रोख देतो, कागदावर दाखवत नाही' म्हणणारा मालक तिथेही भेटतो. पुढे मजुरी बुडवली तरी मुलगा कोणाकडे तक्रार करणार? पकडला गेला तर व्हिसा रद्द होऊन शिक्षण अर्धवट सुटते. घरून 'बहिणीचे लग्न आहे, काहीतरी पाठव' असा फोन गेला की मुले याच वाटेला लागतात.

बाबासाहेबांनाही १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडन सोडावे लागले. पण निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली होती. त्या आधारावर १९२० साली ते पुन्हा गेले, तेही स्वतःची शिल्लक आणि शाहू महाराजांची मदत घेऊन.

एक गोष्ट लग्नाच्या घाईत असलेल्या आईबापांसाठी. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या एम.ए., एम.एस्सी.सारख्या अभ्यासक्रमांसाठी ब्रिटनला पती-पत्नीला सोबत नेता येत नाही. संशोधनाच्या पदवीला मुभा आहे. सून मागाहून जाईल या भरवशावर तारीख धरू नये.

शिक्षण पुरे झाल्यावर ब्रिटनमध्ये दोन वर्षे पूर्णवेळ नोकरी करता येते. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी.वाले सोडून, ही मुदत १८ महिन्यांची राहील. घरी पैसे पाठवायचे दिवस ते.