विश्लेषण : भाग अस्सल; पण गाडीही अस्सल आहे का?

१९६९ची शेव्हरोले कॅमॅरो ही अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात नेहमी दिसणारी गाडी. मात्र त्या वर्षी ‘झेडएल१’ हे ४२७ घनइंची ॲल्युमिनियम इंजिन घेऊन कारखान्यातून बाहेर पडलेल्या कॅमॅरो अवघ्या ६९. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्या. किमतीत अनेक पटींचा फरक. फसवणुकीचा मोह इथेच सुरू होतो.

दुर्मीळ ‘ऑप्शन’ म्हणजे काय?

त्या काळी ग्राहक डीलरकडे यादीतून इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, रंग निवडत. महागडे पर्याय थोडेच जण घेत. १९६९च्या कॅमॅरोत चारही चाकांना डिस्क ब्रेक देणारा ‘जेएल८’ हा पर्याय जेमतेम २०६ गाड्यांना मिळाला. आज असे भाग जमवून साध्या गाडीला बसवता येतात. भाग अस्सल असतात. ‘कारखान्यातूनच अशी आली’ हा दावा मात्र खोटा ठरतो. आणि खरेदीदार जादा पैसे मोजतो ते या दाव्याचेच. १९७१ची एक हेमी ‘कुडा’ कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरला गेली, ती काही निव्वळ सुट्या भागांची किंमत नव्हती.

चेसिस क्रमांकावरून कळत नाही?

ते कंपनीवर अवलंबून आहे. १९७१च्या प्लिमथ कुडाच्या क्रमांकात पाचव्या जागी ‘आर’ असेल, तर ती मूळची ४२६ हेमी इंजिनाची. १९६९च्या कॅमॅरोचा क्रमांक मात्र सिलिंडर सहा की आठ, एवढेच सांगतो. म्हणून इंजिनावर ठोकलेला कोड आणि चेसिस क्रमांकाचा अंश जुळतो का, हे पाहतात. यालाच ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात. पण जुना आकडा घासून नवा ठोकणारेही आहेत. घासताना कारखान्यातील यंत्राने उमटवलेल्या बारीक समांतर रेघा पुसल्या जातात. त्यामुळे जाणकार आकड्याइतकेच त्या रेघांकडे पाहतो.

कागदपत्रे कितपत भरवशाची?

फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांच्या नोंदी परवान्याने केव्हिन मार्टी यांच्याकडे आहेत. ‘मार्टी रिपोर्ट’ पैसे भरून मागवता येतो. पॉन्टिॲकसाठी ‘पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’ आहे. शेव्हरोलेच्या बाबतीत कॅनडात विकलेल्या गाड्यांची नोंद मिळू शकते, अमेरिकेत विकलेल्यांची सहसा नाही. तिथे आधार उरतो तो डीलरचे बिल, वॉरंटी पुस्तिकेतील ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ ही धातूची पट्टी आणि ‘बिल्ड शीट’ यांचा. ही शीट कधी इंधनटाकीच्या वर, कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये सापडते. मात्र कागद आणि धातूच्या पट्ट्या यांच्याही नकला होतात.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

पुरावे किती, यापेक्षा ते कोणाच्या हातून आले, हे महत्त्वाचे. विक्रेत्याच्या फाइलमधील पाच कागद एकाच टेबलावर तयार झालेले असू शकतात. त्यापेक्षा खरेदीदाराने स्वतः मागवलेली एक त्रयस्थ नोंद अधिक मोलाची. अशी नोंदच नसेल, तर कागद, इंजिनावरचे ठसे, भागांवरील उत्पादनाच्या तारखा आणि आधीच्या मालकांची साखळी यांचा एकमेकांशी मेळ बसायला हवा. गाडी तयार झाल्यानंतरच्या तारखेचा भाग ‘मूळचा’ असूच शकत नाही.

कागद नाही म्हणून गाडी खोटी ठरत नाही, हे खरे. पण सिद्ध न झालेल्या दाव्याला सिद्ध झालेल्या गाडीचा भाव देणे हा व्यवहार नव्हे, जुगार आहे. पुरावा देण्याची जबाबदारी विक्रेत्याची. तो नसेल तर साध्या गाडीचाच भाव लावावा.

साध्या गाडीला हौसेने दुर्मीळ रूप देण्यात काहीच गैर नाही. तिला उघडपणे ‘क्लोन’ म्हणून विकावे, आनंदाने चालवावे. गुन्हा सुरू होतो तो हा एक शब्द लपवला की. त्यात खरेदीदाराचे पैसे तर बुडतातच. शिवाय खऱ्या ६९ गाड्यांच्या मालकांनाही पुन्हा पुन्हा आपला खरेपणा सिद्ध करावा लागतो.