सडा पडीक नव्हे

कोकणातला सडा म्हणजे उघडा कातळ, तिथे काही पिकत नाही. मग तो विकला किंवा फोडला तर बिघडलं कुठे? जमिनीचे दलाल असं बोलणारच. पण शिकलेसवरलेले लोकही मान डोलावतात आणि सातबाऱ्यावरची पोटखराब्याची, म्हणजे लागवडीस अयोग्य जमिनीची, नोंद पुढे करतात. ती नोंद सारा आकारण्यासाठी झाली. सड्याचं पाणी मोजायला तेव्हा कोणी आलं नव्हतं.

मे महिन्यात सडा पाहून निकाल देणाऱ्यांनी श्रावणात यावं. खोलगट कातळात पाणी साचलेलं असतं आणि बोटभर मातीत निळी सीतेची आसवं फुललेली असतात. या मातीत नत्र इतकं कमी, की हे इवलंसं रोप मातीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत जीवजंतू पकडून पोट भरतं. सड्याचा हा जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातून मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीला अडतं आणि पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. वाडीची विहीर आणि माडापोफळीची बाग त्यावरच तगतात. म्हणजे वरचा सडा फोडला की खालची शेतीही गेली.

अशाच कातळावर कशेळी गावचा सुमारे 18 मीटरचा हत्ती कोरलेला आहे, त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं आहेत. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अशा सड्याला पडीक म्हणायचं?

शेती परवडत नाही, हा विकणाऱ्यांचा दुसरा मुद्दा खरा आहे. माकडं आणि डुकरं पीक ठेवत नाहीत, वाटण्या होऊन हाती चार गुंठे उरतात, मुलं मुंबईला. अडीअडचणीला जमीन विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण विक्रीचा पैसा एकदाच येतो, आटलेला झरा मात्र सगळ्या वाडीला भोगावा लागतो. घराला जांभ्याचा चिरा लागतो, हेही मान्य. म्हणून खाण कुठे नको हे गावानेच आधी ठरवावं.

त्यासाठी वाट आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि नोंदवही दिली आहे, शिवाय स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य सरकार वारसास्थळ जाहीर करू शकतं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळचा परिसर एका छोट्या माशासाठी 2021 मध्ये असा जाहीर झालाच ना! तुमच्या सड्यावरची झाडं, झरे, चित्रं त्या नोंदवहीत आहेत का, हे येत्या ग्रामसभेत विचारा. नसतील तर तिथेच ठराव मांडा.