खेळातलं मरण खोडू नका

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जुना जालन्यातल्या माझ्या दवाखान्यात एक आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तक्रार एकच : दोन दिवस धड जेवत नाही. तपासलं. ताप नाही, पोट मऊ, घसा साफ.

कारण वेगळंच निघालं. पुण्याहून आलेल्या आतेभावाने फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ आणला होता. त्यात प्रत्येक मूल एक पात्र होतं आणि पुढे काय घडणार ते बऱ्याचदा फासे ठरवतात. याचा योद्धा मेला. रडणं पाहून आईने आतेभावाला दटावलं आणि ‘तो मेलाच नव्हता’ असं करायला लावलं. मुलगा आणखीच चिडला.

“डॉक्टर, असले खेळ बंदच करायला हवेत ना?”

नाही. बंद करायची ती आपली खोडाखोड.

खेळातलं मरण काही परदेशातून आलेलं नाही. आपल्या हुतूतूत गडी ‘मरतो’च. कबड्डीचे जुने प्रकार आठवा. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला उठतो. गामिनीत तो आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये बाद होऊनही खेळत राहतो. अगदी लहानग्यांसाठी ‘कच्चं लिंबू’ आहेच. पण हे सगळं डाव सुरू होण्याआधी ठरतं, कुणी रडलं म्हणून मध्येच बदलत नाही.

पाच वर्षांखालच्या बहुतेक मुलांना मेलेला माणूस परत येईल असं वाटतं. साधारण पाच ते सात या वयात ‘तो परत येत नाही’ आणि ‘हे सगळ्यांनाच होतं’ हे उमगू लागतं. म्हणून चार वर्षांच्या मुलाला संजीवनी द्या, पण आठ वर्षांच्या मुलाला फसवू नका.

मी आईला विचारलं, घरात अलीकडे कुणी गेलं का? दोन महिन्यांपूर्वी आजोबा गेले होते. मुलाला सांगितलं होतं, “गावाला गेलेत.” माझ्या मते तो नुसत्या योद्ध्यासाठी रडत नव्हता. ‘गावाला गेले’ म्हटलं की मूल वाट पाहत बसतं, ‘झोपले’ म्हटलं की झोपेलाच घाबरू शकतं. ‘वारले, त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत’ हेच साधं आणि खरं उत्तर.

खेळ घेणाऱ्या मोठ्यांनी एवढं पाळावं :

- पात्र मरू शकतं का, हे आधी मुलांना विचारून ठरवा.
- शिक्षा म्हणून कुणाचं पात्र मारू नका.
- मेल्यावर मुलाला निरोपाचे दोन शब्द बोलू द्या, मग नवं पात्र द्या.
- घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर आधी पालकांशी बोला.

त्या मुलाला मी औषध दिलं नाही. आजोबांबद्दल खरं सांगा, एवढंच आईला सांगितलं.

मात्र झोप, जेवण किंवा शाळा काही आठवडे बिघडलेली राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. मूल ‘मलाही मरायचंय’ म्हणालं तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत आहे.