संस्थेस नाव ठेवताना

विजयादशमीस आपण आपट्याच्या पानास सोने म्हणतो. वडीलधाऱ्यांच्या हाती ते देऊन वाकून नमस्कार करतो, आणि त्या एका सायंकाळपुरते ते पान खरोखरच सोने असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते केरात जाते. यात कोणी कोणास फसविलेले नसते; देणारा व घेणारा दोघेही जाणून असतात. परंतु याच दिवशी पाटीवर एकाच्या अंकांची सरस्वती काढून आपल्याकडे नव्या शिक्षणसंस्थांची मुहूर्तमेढही रोवली जाते, आणि त्यांच्या फलकांवर झळकणारी नावे मात्र एका सायंकाळपुरती नसतात. मुलांच्या तीन-चार पिढ्यांना ती दाखल्यावर, गुणपत्रिकेवर आणि पुढे जन्मभर वागवावी लागतात.

क्षेत्राच्या ठिकाणी राहून कीर्तन करणाऱ्या व संस्कृताचा थोडाफार व्यासंग असलेल्या माणसाकडे नवरात्राच्या सुमारास अशी मंडळी हमखास येतात. जागा ठरलेली असते, देणगीदार मिळालेला असतो, घटना लिहून तयार असते. ‘बुवा, एखादे भारदस्त नाव सांगा,’ एवढेच मागणे असते. ‘भारदस्त’ हा शब्द ऐकला की मी थोडा सावध होतो. कारण माझ्या मते शाळेच्या नावाची कसोटी तिचा भार ही नव्हे. त्या नावाखालून आत शिरताना सर्वांत गरीब घरचे मूल कचरते की नाही, ही आहे.

नामकरणाविषयी आपल्या पूर्वजांनी काही कमी विचार केलेला नाही. महाभाष्याच्या आरंभीच, पस्पशाह्निकात, पतंजलींनी याज्ञिकांचा एक नियम सांगितला आहे. मुलगा जन्मल्यावर दहा दिवसांनंतर त्याचे नाव ठेवावे; त्याचा आरंभ घोष वर्णाने व्हावा, मध्ये य-र-ल-व यांपैकी एखादा अंतःस्थ वर्ण असावा, आदिस्वरास वृद्धी नसावी, नावाचा तीन पिढ्यांच्या पूर्वजांशी संबंध असावा, ते शत्रूच्या घरी रुळलेले नसावे, दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आणि ते कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे. व्याकरण शिकल्यावाचून कृत् व तद्धित कळणार कसे, म्हणून व्याकरण शिका, असा भाष्यकारांचा तेथला रोख आहे. पारस्कर गृह्यसूत्रात हाच विधी येतो, आणि तेथे मुलीसाठी नियम वेगळा आहे : अक्षरे विषम, शेवटी आकार आणि प्रत्यय तद्धित. ‘संस्था’ हा शब्द स्त्रीलिंगी, तेव्हा तिला कोणता नियम लावावा, असा कूटप्रश्न एखाद्या चतुर विद्यार्थ्याने काढला तर मी त्याला शाबासकी देईन, उत्तर देणार नाही.

घोष वर्णाचा नियम उच्चाराच्या सोयीचा आहे, आणि दोन वा चार अक्षरांचा नियम तर आज पूर्वीपेक्षा अधिक पाळण्यासारखा आहे. मात्र माझे मन गुंतते ते शेवटच्या नियमात. कृदन्त म्हणजे धातूपासून, क्रियेपासून सिद्ध झालेला शब्द. तद्धितान्त म्हणजे आधीच असलेल्या एखाद्या नामापासून साधलेला. ‘दशरथाचा तो दाशरथि’ हे तद्धित. ‘शिकवितो तो शिक्षक’ हे कृदन्त. मुलाचे नाव क्रियेतून निघावे, दुसऱ्या कोणाच्या नावातून नव्हे, असा अर्थ मी या नियमातून घेतो. हा अर्थ माझा, याज्ञिकांचा नव्हे. पण शिक्षणसंस्थेस तो बरोबर लागू पडतो. ‘शिक्षण’ आणि ‘संस्था’ हे दोन्ही शब्द कृदन्तच आहेत. देणगीदारांना मात्र या सगळ्या नियमांतला एकच आवडतो : तीन पिढ्यांच्या पूर्वजांचा! आजोबांचे नाव प्रशालेला, वडिलांचे महाविद्यालयाला आणि मातोश्रींचे वसतिगृहाला. पण संस्थेचे पूर्वज कोण? धनादेशावर सही करणारे, की तिच्या आधी त्या गावात ओसरीवर बसून मुलांना अक्षर ओळख करून देणारे पंतोजी?

एकाच काळात निघालेल्या दोन संस्थांची नावे या दृष्टीने पाहावीत. १९१७ मध्ये आळंदीस विष्णुबुवा जोग महाराजांनी संस्था स्थापन केली आणि तिचे नाव ठेवले ‘वारकरी शिक्षण संस्था’. जोग महाराजांजवळ संस्कृत शब्दांचा तुटवडा होता असे कोणी म्हणणार नाही. इंद्रायणीच्या तीरी, माउलींच्या समाधीच्या सान्निध्यात, कितीतरी नादमधुर नावे सुचली असती. त्यांनी कोणासाठी आणि कशासाठी एवढेच सांगितले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, म्हणजे विजयादशमीच्याच दिवशी, कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटील यांनी ‘रयत शिक्षण संस्था’ काढली. ‘रयत’ हा शब्द अरबी. संस्कृताच्या अभिमानी माणसाने येथे मान्य केले पाहिजे की, ‘प्रजा’, ‘जनपद’, ‘कृषीवल’ यांपैकी एकही शब्द तेथे चालला नसता. शेतकऱ्याला स्वतःचे नाव ‘कृषीवल’ आहे हे ठाऊक नव्हते. ‘रयत’ आहे हे पक्के ठाऊक होते. ज्याच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढलेले नाही त्या मुलाला फलकावर आपलेच नाव दिसले. शाळा आपली आहे हे त्याला निराळे सांगावे लागले नाही. या एका शब्दाने किती दारे उघडली असतील याचा हिशेब मांडता येणार नाही.

याच भाऊरावांनी १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. मोठी रक्कम देतो, पण महाविद्यालयाला माझे नाव द्या, असे म्हणणाऱ्या धनिकाला त्यांनी, एक वेळ माझ्या वडिलांचे नाव बदलीन, पण महाविद्यालयाचे बदलणार नाही, असे उत्तर दिल्याची आठवण तिकडे अजून सांगतात. अशी उत्तरे देणाऱ्यांच्या संस्थाही चालतात, हे नव्या विश्वस्तांनी लक्षात घ्यावे.

देणगीदाराचे नाव सर्वथा त्याज्य, असे मात्र माझे म्हणणे नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांचे दान दिले, आणि १९२० मध्ये विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव दिले गेले. स्त्रियांच्या विद्यापीठास एका मातेचे नाव, यात अनौचित्य काहीच नाही. उलट गोडवा आहे. पण आज त्या माउलीचे नाव किती जणींच्या ओठी येते? सर्वत्र ‘एसएनडीटी’ ही चार इंग्रजी अक्षरेच चालतात. नाव लांबले की जग ते छाटते, आणि छाटताना नेमका त्यातला प्राण काढून घेते. दोन वा चार अक्षरांचा नियम पाळण्यासारखा आहे तो याचसाठी. ‘रयत’ तीन अक्षरांत मावते. तिला कोणी आद्याक्षरांनी हाक मारीत नाही.

आता थोडे कटू लिहितो. देवतांची व संतांची नावे देण्याची आपल्या भाविक समाजास मोठी हौस आहे, आणि त्या हौसेमागची श्रद्धा मी जाणतो. ग्रामदेवतेचे नाव तर मला फारच समर्पक वाटते. अंबाजोगाईच्या शिक्षणसंस्थेने योगेश्वरीचे नाव घेतले. ती देवी साऱ्या गावाची आधीपासूनच आई असल्यामुळे नाव नवे असूनही कोणास परके वाटण्याचा प्रश्नच नव्हता. औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९१५ मध्ये ‘सरस्वती भुवन’ उभे राहिले तेव्हा राज्य निजामाचे होते व दरबारची भाषा उर्दू होती. तेथे ते नाव घेणे हाच एक संकल्प होता. पण आज एखाद्या संतश्रेष्ठाचे नाव कमानीवर कोरायचे आणि त्याच कमानीखाली प्रवेशासाठी पावतीवाचून ‘देणगी’ मोजून घ्यायची, हे कोणत्या भक्तीत बसते? नाम आणि नामी यांत भेद नाही, हे आम्ही कीर्तनातून रोज सांगतो. हरिनामाच्या बाबतीत ते निर्विवाद सत्य आहे. संस्थेच्या बाबतीत नाम आधी येते आणि नामी मागाहून, वर्षानुवर्षांच्या श्रमाने, त्याला येऊन मिळावा लागतो. कधी कधी तो मिळतच नाही. ज्ञानेश्वरांचे नाव घेणाऱ्या संस्थेस फी थकली म्हणून पोराला वर्गाबाहेर उभे करता येत नाही. ज्यांची तेवढी तयारी नसेल त्यांनी खुशाल स्वतःच्या आजोबांचे नाव द्यावे. त्यात निदान प्रामाणिकपणा आहे.

‘न्यू’, ‘मॉडर्न’, ‘इंटरनॅशनल’ यांविषयी फार लिहीत नाही. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये सुरू झाले आणि अजूनही ‘न्यू’च आहे, १८८३ चे नूतन मराठी विद्यालयही तसेच नूतन! तेथे शिकविणारेच असे होते की विशेषणाचे हसे झाले नाही. १९१६ च्या न्यू पूना कॉलेजचे पुढे जमखंडीकरांच्या देणगीनंतर सर परशुरामभाऊ महाविद्यालय झाले, आणि गेलेल्या ‘न्यू’साठी कोणी अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही. खेड्यातल्या चार खोल्यांच्या शाळेस ‘इंटरनॅशनल’ म्हणणे मात्र आपट्याच्या पानास वर्षभर सोने म्हणत राहण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल, नावात एवढे काय आहे? १८८४ मध्ये सुरू झालेली पुण्याची मुलींची शाळा ‘हुजूरपागा’ म्हणून नावारूपास आली. पागा म्हणजे घोड्यांची! जागेवरून लोकांनी ठेवलेले ते नाव, आणि आज ते उच्चारताच विदुषींची परंपरा डोळ्यांपुढे उभी राहते. आक्षेप बिनतोड वाटतो खरा. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, यौगिक अर्थ मागे पडून शब्द रूढ होतो, तसे हे झाले. पण रूढी प्रस्थापित व्हायला काळ लागतो, आणि पहिल्या दिवशी संस्थेजवळ इमारत नसते, निकाल नसतो, कीर्ती नसते. नाव एवढेच असते. त्या दिवशी दाराशी आलेल्या पालकाला तेवढेच वाचता येते.

नावातून संस्थेचे सारे शिक्षणशास्त्र कसे सांगता येते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. १९४६ मध्ये मुंबईस काढलेल्या महाविद्यालयाला ‘सिद्धार्थ’ हे नाव दिले. ते बोधीपूर्वीचे, साधकाचे नाव आहे. विद्यार्थ्याला शोभावे तसे. १९५० मध्ये औरंगाबादेस सुरू केलेल्या महाविद्यालयास पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसर झाला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. पाली भाषेतील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात तो भिक्षू नागसेनास प्रश्नामागून प्रश्न विचारतो. पहा, महाविद्यालयास उत्तरे देणाऱ्या गुरूचे नाव दिले नाही; प्रश्न विचारणाऱ्याचे दिले, आणि ज्या वनात बसून प्रश्न विचारायचे त्याला गुरूचे! इतके अर्थपूर्ण नामकरण माझ्या तरी पाहण्यात दुसरे नाही. तेथल्याच मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या काळात त्या नावापायी माणसांची घरे जळली, प्राण गेले. नावात काय आहे, असे त्यानंतर तरी महाराष्ट्रात कोणी विचारू नये.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून आटोपतो. नाव ठरले की ते आधी समितीतल्या विद्वानांना नव्हे, तर वाडीवस्तीवरच्या एखाद्या आजीला उच्चारायला सांगावे. तिची जीभ अडखळली तर नाव बदलावे. नोंदणीसाठी जाताना दोन-तीन पर्याय जवळ ठेवावेत, आणि इंग्रजी नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द घालण्याच्या मोहात पडू नये. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याने त्यावर निर्बंध घातलेला आहे. आणखी एक : नावाचा ठराव इतिवृत्तात लिहिताना ते नाव का घेतले, हेही चार ओळींत तेथेच लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. पन्नास वर्षांनी कोणी मोठी रक्कम घेऊन दाराशी येईल, त्या वेळच्या विश्वस्तांना ते पान उपयोगी पडेल.