नव्याण्णव सेंटांचे काव्यशास्त्र

संगीत डाउनलोड करून विकत घेण्याची सोय झाली आणि श्रोता मुक्त झाला, हे विधान आता इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असेही कोणाला वाटत नाही. दोन चांगल्या गाण्यांसाठी उरलेली आठ सुमार गाणी पदरात बांधून घेण्याचे दिवस गेले, हवे तेवढेच घ्या आणि तेवढ्याचेच पैसे द्या, असा हा युक्तिवाद. साहित्याचे अध्यापन करणारी मंडळीही तो उत्साहाने मांडतात आणि त्याला 'लोकशाहीकरण' असे भारदस्त नाव देतात. आमचा या विधानाला विरोध आहे. सुटे गाणे विकणे हे पाप आहे असे आम्ही मानत नाही. ज्या दरपत्रकाला मुक्तिदाता म्हटले जाते, त्याच्या पोटात एक साहित्यविचार दडलेला आहे आणि तो अत्यंत दरिद्री आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ॲपल कंपनीचे आयट्यून्स म्युझिक स्टोअर २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत उघडले. कोणतेही गाणे ९९ सेंटांना आणि बहुतेक अल्बम ९.९९ डॉलरना, असा दर ठरला. यातला ढोबळमानाने सत्तर टक्के वाटा ध्वनिमुद्रण कंपनीकडे जाई. गायकाला काय मिळे ते त्याच्या आणि कंपनीच्या करारावर अवलंबून. पुढची सहा वर्षे कंपन्या आणि दुकानदार यांच्यात वाद होत राहिला तो आकड्यावरून. कंपन्यांना लोकप्रिय गाण्याला अधिक दर हवा होता, दुकानदाराला एकच सोपा आकडा. शेवटी एप्रिल २००९ मध्ये ६९ सेंट, ९९ सेंट आणि १.२९ डॉलर अशा तीन पायऱ्या झाल्या. या साऱ्या भांडणात 'गाणे' हेच विक्रीचे एकक का, हा प्रश्न व्यापाराच्या दृष्टीने कोणालाच महत्त्वाचा वाटला नाही. तो आपल्याला महत्त्वाचा वाटायला हवा होता.

आपल्या परंपरेत या प्रश्नासाठी शब्द तयार आहेत : मुक्तक आणि प्रबंध. मुक्तक स्वतःपुरते पूर्ण असते. मागचेपुढचे काही माहीत नसले तरी ते आपला अर्थ आणि रस देऊन जाते. प्रबंधातला श्लोक त्या रचनेतल्या आपल्या जागेवरून बोलतो. तुकोबांचा एखादा अभंग गाथेबाहेर काढला तरी ताठ उभा राहतो. ज्ञानेश्वरीतली ओवी मात्र सुटी काढली की सुभाषित होऊन बसते, आणि तशी ती किती भिंतींवर टांगलेली आहे ते आपण पाहतोच. डाउनलोडच्या दुकानाने हा भेद एका फटक्यात रद्द केला. तेथे जे काही येईल ते मुक्तकच, आणि प्रत्येक मुक्तकाची किंमत ठरलेली. चित्रपटगीत, भावगीत, पॉप गाणे यांना हे सोसते, कारण ती मुळातच मुक्तके आहेत. इतरांचे काय?

बीटल्सचे उदाहरण घ्या. त्यांचे संगीत नोव्हेंबर २०१० मध्ये या दुकानात आले, गाणे १.२९ डॉलर, एका तबकडीचा अल्बम १२.९९ डॉलर. 'ॲबी रोड' या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला लहान लहान तुकडे एकमेकांत मिसळत एक सलग मालिका होते आणि अगदी शेवटी २३ सेकंदांचे एक चिमुकले गाणे येते. त्याच अल्बमवर पावणेआठ मिनिटांचेही एक गाणे आहे. 'प्रत्येक गाण्याला एक दर' या न्यायाने दोन्हींचे मोल सारखे. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'मध्ये तीस रूपांतरे, आरंभी व शेवटी तीच मूळ धून, म्हणजे बत्तीस तुकडे. सुटे घेतले तर ९९ सेंटांच्या दराने ३१.६८ डॉलर, एकत्र घेतले तर दहा डॉलरच्या आत. भागांची बेरीज पूर्णापेक्षा तिप्पट महाग! सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हा सिद्धांत सापडणार नाही.

आणि आपला ख्याल? त्याची कथा अधिक बोधप्रद आहे. आयट्यून्सच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे दहा मिनिटांहून लांब ट्रॅक सुटा मिळत नाही. त्यासाठी पूर्ण अल्बमच घ्यावा लागतो. याउलट ईम्युझिक या दुकानात दीर्घकाळ मासिक वर्गणीत ठरावीक संख्येने ट्रॅक घेता येत, मग तो एका मिनिटाचा असो की पंचवीस मिनिटांचा. म्हणजे तोच विलंबित बडा ख्याल एका दुकानात कवडीमोलाने मिळणार आणि दुसऱ्यात सुटा विकण्यास अपात्र ठरणार. ज्या अल्बममध्ये पस्तीस मिनिटांचा राग आणि शेवटी सहा मिनिटांची ठुमरी आहे, त्यातली ठुमरी तेवढी सुटी उचलता येईल. हा गायनाविषयीचा निर्णय आहे, फक्त तो गायकाने घेतलेला नाही.

'यात नवे काय?' असे कोणी विचारील, आणि तो आक्षेप खरा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांना आणि केसरबाईंना राग तेवढ्यात बसवावा लागला. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेली केसरबाईंची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे. मराठी भावगीताची बांधणीसुद्धा या तबकडीच्या मापाने झाली. पुढे एल्‌पी आली, बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली आणि अल्बम नावाची वस्तू उभी राहिली. तेव्हा अल्बम हा कलेचा शुद्ध आविष्कार आणि सुटे गाणे म्हणजे बाजार, अशी भाबडी मांडणी आम्ही करणार नाही. अल्बमच्या नावाखाली कंपन्यांनी वर्षानुवर्षे भरताड विकले आहे. परंतु या दोन बंधनांत एक फरक आहे. तबकडीची मर्यादा मेणाची, लाखेची, खोबणीची होती. ती कलावंताला आधी ठाऊक असे आणि तो तिच्याशी झगडून काहीतरी घडवी. डाउनलोडच्या संचिकेला अशी कोणतीही भौतिक मर्यादा नाही. ती चाळीस सेकंदांची असू शकते, दोन तासांचीही. मर्यादा नाहीशी झाली, आणि नेमक्या त्याच क्षणी दुकानदाराने पुन्हा तीन मिनिटांच्या गाण्याचे माप गल्ल्यावर आणून ठेवले. शिवाय ते मागील तारखेपासून लागू केले. पूर्वी घडून गेलेल्या रचनाही त्याच मापाने कापल्या गेल्या.

ज्यांच्याकडे ताकद होती त्यांनी प्रतिकार केला. एसी/डीसी या गटाने अल्बम फोडून विकायला नकार दिला आणि नोव्हेंबर २०१२ पर्यंत ते आयट्यून्सच्या बाहेर राहिले. पिंक फ्लॉईडने ईएमआय कंपनीला लंडनच्या उच्च न्यायालयात खेचले. अल्बमची कलात्मक अखंडता राखण्याची अट करारात होती. ही अट फक्त तबकड्यांना लागू आहे, डाउनलोडला नाही, हा कंपनीचा बचाव मार्च २०१० मध्ये फेटाळला गेला. अर्थात जानेवारी २०११ मध्ये नवा करार झाला आणि गाणी सुटीही विकली जाऊ लागली. तरीही तो निर्णय रचनाकाराने स्वतः घेतला, हे विसरून चालणार नाही. असा करार पदरी नसलेल्या शेकडो गायक-वादकांना विचारले कोणी?

'मग दर लावायचा तरी कसा?' याची उत्तरे याच बाजारात दिसून गेली आहेत. रशियातील ऑलऑफएमपीथ्री हे दुकान संगीत मेगाबाइटवर विके, म्हणजे वाण्याकडच्या साखरेसारखे वजनावर. २००७ साली ते बंद पडले. हक्कदारांना पैसे पोहोचत नसल्याचा आरोप त्याच्यावर होता आणि त्याची बाजू घेण्याचे कारण नाही. परंतु लांबीनुसार दर आकारणे अशक्य नाही, हे त्याच्यामुळे दिसले. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पने अधिक सभ्य वाट काढली. तेथे अल्बमची आणि गाण्याची किंमत कलावंत ठरवतो, एखादा तुकडा सुटा विकायचाच नाही असेही ठरवतो, आणि ग्राहकाला वाटल्यास अधिक पैसे देता येतात. डिजिटल विक्रीवर दुकानाचा वाटा पंधरा टक्के, ठरावीक विक्रीनंतर दहा. एकक ठरवण्याचा हक्क रचनाकाराकडे ठेवूनही दुकान चालते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आपल्याकडे डाउनलोडचे युग फार अल्पायुषी ठरले. फ्लिपकार्टचे 'फ्लाइट' फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झाले आणि जून २०१३ मध्ये मिटलेही. आयट्यून्सचे भारतीय दुकान डिसेंबर २०१२ मध्ये आले. दहा-बारा रुपयांचे गाणे घेणाऱ्यापेक्षा फुकट उतरवून घेणारेच अधिक, आणि एवढ्या किरकोळ रकमेच्या देवघेवीचा खर्चही परवडेना. मात्र याच देशात लाखो लोक कॉलर ट्यूनसाठी, म्हणजे गाण्याच्या अर्ध्यामुर्ध्या मिनिटाच्या तुकड्यासाठी, महिन्याला तीसेक रुपये मोजत होते, आणि तेही दुसऱ्याने ऐकावे म्हणून! तेव्हा 'मराठी माणूस संगीतासाठी पैसे देत नाही' ही तक्रार अर्धवट आहे. तो देतो, पण ज्या मापात माल ठेवला असेल त्या मापाला देतो.

डाउनलोड मागे पडून आता वर्गणी भरून ऐकण्याचे दिवस आले, म्हणून हा वाद शिळा झाला असे मानू नये. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. मग गाणे अडीच मिनिटांचे असो वा मारवा चाळीस मिनिटांचा. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीने दहा सुटी गाणी म्हणजे एक अल्बम असे समीकरणच स्वीकारले. नव्याण्णव सेंट आणि ९.९९ डॉलर यांतला भागाकार असा शास्त्र होऊन बसला.

याच मापाने 'गीतरामायण' मोजून पाहावे. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये वर्षभर क्रमाने प्रसारित झालेली माडगूळकर-फडके यांची ही छप्पन्न गीते. प्रत्येक गीत स्वतंत्रपणे गाता येते, आणि तरी प्रत्येकाचे निवेदन कोण करतो आहे, कोणत्या प्रसंगानंतर करतो आहे, यावर त्याचे वजन ठरते. मुक्तकांतून रचलेला प्रबंध तो हाच. सुट्या गाण्याला बारा रुपये धरले तर संपूर्ण गीतरामायण ६७२ रुपयांना पडेल. व्यवहारात कोणीही ते तसे घेणार नाही. चार-पाच लाडकी गीते घेतली जातील, रामजन्म होईल, सेतू बांधला जाईल, आणि मधल्या ज्या गीतांमुळे कथेला दुःखाची खोली येते ती पन्नास गीते कोणीही न मागितलेला माल म्हणून दुकानात पडून राहतील.